पांढऱ्या तांदळातले पांढरे तुकडे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं बसले आणि या गोष्टीपाशी आले, की मी पटकन आरती सुरू करते. तुम्ही परके आहात, म्हणून सांगणं सोपं जाईल—की उलट जड जाईल? बघू.

आधी माझ्या मोठ्या जावेबद्दल सांगते. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. कोंढ्याजवळच्या आमच्या गावात लग्न निघालं, की तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं बाईंना. सूप मांडीवर घेऊन बसल्या, की खडा लपेल कुठं? बोलणं चालू, हसणं चालू, मला टोमणे मारणं तर चालूच—आणि बोटं आपलं काम करत. त्यांनी निवडलेल्या भाताच्या पंगतीत कधी कुणाच्या दाताखाली खडा आला नाही. त्याचा त्यांना केवढा अभिमान! खरं सांगू, मलाही होता. आणि थोडा हेवाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. कापलेल्या धानाचे पुंजणे रचून झाले होते, आणि ऐन चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या वेळी भाऊ आजारी म्हणून बाई माहेरी गेल्या. जाताना बजावून गेल्या—खळं शेणानं दोनदा सारव. दोनदा! मी पडले आळशी. गोठ्याच्या छपरावर खताची रिकामी पोती पडली होती, नव्या तऱ्हेची, पांढऱ्या प्लॅस्टिकची, दोन उन्हाळे खाऊन कडक झालेली. ती मी दाभणानं जोडली, खळ्यावर अंथरली आणि स्वतःच्या अकलेवर खूश झाले. त्यावरून बैल फिरले. दाणे सुटलेलं तणस उचललं तर पोत्यांचा नुसता भुगा! धान उपणताना थोडा उडाला, थोडा धानातच राहिला. उरलेला मी झाडून शेजारच्या धानाच्या बांधीत लोटला. माणसांनी पोती पाहिली होती, पण बैल हाकणाऱ्याला भुग्याचं काय पडलंय? बाई परतल्या तेव्हा खळं रिकामं होतं. सारवलं होतंस ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. तांदूळ आमच्या घरचा, निवडला बाईंनी, दोन दिवस बसून. पण पांढऱ्या तांदळात पांढरा तुकडा—तोही दाण्याएवढा—कुणाला दिसणार? भरपंगतीत नवरदेवाच्या मामानं तोंडातून एक न चावणारा पांढरा तुकडा काढला. मग दुसऱ्या कुणी. एका म्हातारीला ठसका लागला तो थांबेचना. लोक कुजबुजले, काही हसले. बाई मांडवाची मेढ धरून उभ्या होत्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेले नाही.

घरी आल्यावर त्यांनी उरलेला तांदूळ सुपात घेतला आणि दाणा न् दाणा चाचपत तीन तुकडे काढले. डोळ्यांनी नाही हो, बोटांनी! असं माणूस कुठं पाहायला मिळतं? तिथंच मी बोलायला हवं होतं.

त्यांनी मलाच विचारलं, "माहे डोळे गेले काय व, कुंदा? खडा तं दिसते मले. मंग हे काहून नाही दिसलं?"

आणि मी म्हणाले—"वय झालं ना, बाई. आता राहू द्या."

हेच ते. हेच मला इतकी वर्षं सांगायचं होतं. बाई तेव्हा पंचेचाळीशीच्याही नव्हत्या.

त्यानंतर त्यांनी लग्नाच्या तांदळाला हात लावला नाही. बोलावणी मला येऊ लागली, आणि मी जात राहिले. दर पावसाळ्यात धानाच्या रोवणीला ते तुकडे चिखलात माझ्या बोटांना लागत, दरवर्षी आणखी बारीक. कुजले मात्र नाहीत. परवा नात सांगत होती, असले कण म्हणे आता पाण्यात, मासळीत, माणसाच्या रक्तातही सापडतात. शरीरात काय काय बिघडवतात, ते अजून पुरतं कळायचंय. आमच्या बांधीतले कुणाकुणाच्या पोटात गेले असतील?

बाई पुढं बरीच वर्षं जगल्या. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी गोधडी शिवायला बसले होते, आणि सुईत दोरा काही जाईना. बाईंनी सुई माझ्या हातातून घेतली, दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि एका झटक्यात ओवून दिली.

"अंदाजानं ओवली व," त्या हसून म्हणाल्या. "दिसते कुठं मले."

मी सुई घेतली आणि शिवत राहिले.