तोलोगोनबाबांच्या लाल काड्या

हात झडले असते माझे, तर बरं झालं असतं! पण आधी तोलोगोनबाबांचं सांगते.

आमच्या खोऱ्यात रानसफरचंदावर गोड सफरचंदाचं कलम बांधावं ते तोलोगोनबाबांनीच. जन्मभर रानझाडांची डोकी उडवली त्यांनी, पण एका झाडाला कधी सुरी लावली नाही. फळ आतून-बाहेरून लाल, लाकूडसुद्धा आतून लाल, असं ते शेवटचंच झाड. फळ आंबटढाण. त्यांच्या बायकोला, म्हणजे बातमाला, मुरंब्यासाठी तेच लागायचं. ती गेली तरी हे रोज झाडापाशी जाऊन बसायचे. "आता झाडाशी संसार का हो, बाबा?" म्हणून आम्ही चिडवायचो. बिया पेरून पाहिल्या त्यांनी. दहा-दहा वर्षं वाट बघायची आणि फळ निघायचं पांढरं.

या फेब्रुवारीत दरड आली, झाड मुळासकट उपटून गेली. बाबांनी आडव्या झाडाच्या काड्या कापल्या, जुडी बांधून, ताज्या राहाव्यात म्हणून घरामागच्या बर्फात पुरली. मला म्हणाले,

"रान जागं झालं की कलमं बांधतो, झिपारा. एक जगलं तरी पुष्कळ."

नवरोजला, मार्चातल्या नव्या वर्षाच्या सणाला, आम्ही बायका मोठ्या कढईत मोड आलेल्या गव्हाचा सुमोलोक शिजवतो. सरपण घराघरातून आणायचं, विचारत कुणी बसत नाही. बाबा कलमासाठी रोपं निवडायला रानात गेलेले. त्यांच्या पडवीतली जुडी मी उचलली. बर्फ लवकर वितळलं म्हणून त्यांनी त्याच सकाळी ती सावलीला आणून ठेवली होती, हे मला कुठं ठाऊक! ओल्या काड्या पेटेनात, नुसता धूर. मी मेलीनं वरून तेल ओतलं. आणि कढईत मागण्याचा खडा टाकताना मागितलं काय? तर बाबांचं कलम जगू दे.

संध्याकाळी बाबा आले. चुलीबाहेर पडलेलं एक जळकं टोक त्यांनी उचलून मोडलं. आत लाल.

"सगळ्या?"

"सगळ्या, बाबा. मारा मला, पण असं बघू नका हो."

 बाबा तिथंच चुलीपाशी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमोलोक वाटला. ज्याच्या वाटीत खडा निघेल त्याची इच्छा पुरी होते म्हणतात. मेला नेमका त्यांच्याच वाटीत निघाला. पोरींनी टाळ्या पिटल्या. बाबांनी खडा बाहीला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"तूच ठेव गं. मला आता काय मागायचंय?"

या वर्षी त्यांनी कुणाचंच कलम बांधलं नाही.