म्हाळाच्या दिवसांत बसवलेला सर्व्हर

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. बायको म्हणते, तुमच्या धंद्याला हा स्वभाव बरा, मशीनला काही वाटत नाही. धंदा म्हणजे सर्व्हर बसवणं. बेळगावातली कॉलेजं, लहानसहान इस्पितळं, छापखाने अशा ठिकाणी मी लिनक्सची मशीनं बसवतो आणि अडली की चालू करून देतो. घर खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडं. गावात आमची भातशेती आहे, आणि तिथं मी अजून नुसता 'कम्प्युटर रिपेरीवाला'.

तर एका ट्रस्टच्या रक्तपेढीत मला बोलावणं आलं. तिथं रक्तदात्यांच्या वह्या सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. कुणाचा गट कुठला, कोण कधी रक्त देऊन गेला, कोण गाव सोडून पुण्याला गेला, सगळं त्या वह्यांत. पण वही उघडायच्या आधीच आक्का तोंडी सांगून मोकळ्या. "कणकुंबीचा डायवर हाय बघ, बी निगेटिव्ह. त्याच्या फोनला लावू नको, तिथं रेंज नसती. बायकोच्या नंबरला लाव." असं त्यांचं काम.

एवढं करून आक्का कायम नव्हत्या. वर्षावर्षाचा करार. नवरा गेलेला, मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि घर ह्याच नोकरीवर. त्या वर्षीचा करार संपत आला होता आणि पेढीच्या मोठ्या डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं, "सोमवारी अकरा वाजता ट्रस्टी येणार आहेत. निगेटिव्ह गटवाल्यांची यादी नव्या सर्व्हरवर आणि सगळ्या काउंटरवर दिसली पाहिजे. तुम्हाला जमलं तर करार पुढं. नाहीतर हुबळीची एक कंपनी आपला ऑपरेटर पाठवते म्हणतेय." डॉक्टर माणूस वाईट नव्हता. बोलायचा मात्र रोखठोक.

शनिवारी सकाळी मी मशीन बसवलं. माझी एक पद्धत आहे. जो माणूस पुढं मशीन चालवणार, त्याच्याच हातानं ते सुरू करायचं. त्यानं भीती जाते. आक्कांना खुर्चीत बसवलं आणि मी टेबलावर चढून वरून केबल ओढत राहिलो. खाली बघायची सोय नव्हती, तोंडानं सांगत होतो. पेढीनं हे मशीन मुद्दाम इंटरनेटपासून तोडून ठेवलं होतं, त्यामुळं ते तारीख स्वतःची स्वतः लावून घेऊ शकत नव्हतं.

"तारीख-वेळ विचारतंय रं," आक्का खालून म्हणाल्या.

"घाला की! त्यात काय विचारायचं?" मी वरून ओरडलो.

आक्कांनी घातली. मग मी खाली उतरून डेटाबेस बसवला, त्याचं सर्टिफिकेट तयार केलं. सर्टिफिकेट म्हणजे मशीनचं ओळखपत्र. काउंटरवरचे कम्प्युटर ते बघतात आणि मगच सर्व्हरशी बोलतात. नावं भरायचा फॉर्म उघडून दिला, आक्का मशीनसमोर वह्या घेऊन बसल्या, आणि मी गावाकडं पळालो. आजोबांचा म्हाळ होता. पितृपंधरवडा चालू होता ना. खीर-वडे हाणले, पानावरून उठलो आणि तिथंच आडवा झालो.

रविवारी सकाळी परत आलो तर आक्कांनी शनिवारीच सगळी नावं भरून ठेवलेली. सर्व्हरवर यादी झकास दिसत होती. काउंटरवर गेलो. 'सर्व्हरशी जोडता आले नाही.' दुसऱ्या काउंटरवर तेच. तिसऱ्यावर तेच.

आलो परत सर्व्हरपाशी. सर्व्हिस चालू होती. पोर्ट उघडा होता. फायरवॉलनं वाट अडवलेली नव्हती. कुठल्या कम्प्युटरला आत घ्यायचं ती यादी बरोबर. पासवर्ड बरोबर. बंद करून चालू केलं. पुन्हा केलं. केबल बदलली. दोन तास गेले आणि माझं डोकं सटकलं. मी ती जुनी केबल भिंतीवर आपटली. आक्का दारातून म्हणाल्या, "च्या आणू का रं?" मी म्हटलं, "च्या नको मला!"

नेमका तेव्हाच डॉक्टरांचा फोन आला. झालं का? आणि मी, उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणून बसलो, "मी बसवलं तेव्हा सगळं ठीक होतं सर. माझ्यामागं कुणीतरी हात घातलाय यात. ज्याला कळत नाही त्याला मशीनसमोर बसवलं की असंच व्हायचं."

मागं वळून बघतो तर आक्का चहाचा कप घेऊन उभ्या. नको म्हटलं तरी आणला होता. पलीकडून डॉक्टर म्हणत होते, "बरं. मग त्या कंपनीला कळवतो मी, उद्यापासून माणूस पाठवा म्हणून." फोनचा आवाज मोठा होता. आक्कांनी सगळं ऐकलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला, वर बशी झाकली आणि वह्यांच्या कपाटाकडं गेल्या.

मला चहा प्यावेना. उठून काउंटरवर गेलो आणि तिथून, फॉर्म बाजूला ठेवून, हातानं कमांड देऊन सर्व्हरला हाक मारली. आणि एका ओळीत उत्तर आलं, की ह्या सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही. अजून? म्हणजे काय, त्याचा जन्म व्हायचाय? धावत सर्व्हरकडं आलो, लॉग, म्हणजे मशीनची रोजनिशी, उघडला. रविवार होता, आणि लॉग येणाऱ्या शुक्रवारची तारीख सांगत होता. सर्व्हर पाच दिवस पुढं जाऊन बसला होता आणि ओळखपत्रही पुढच्याच तारखेचं घेऊन. काउंटर बिचारे रविवारातच होते, ते कशाला दार उघडतील? काखेत कळसा आणि गावाला वळसा! ही कमांड आधी दिली असती तर दोन मिनिटांचं काम होतं.

"आक्का! शनिवारी तारीख कुठली घातलीत?"

आक्का कपाटापाशीच थांबल्या. "गुरुवारची."

"गुरुवारची? का?"

"घटस्थापना हाय गुरुवारी."

मी कपाळावर हात मारला. "अहो, मशीनला कसले आलेत पितर?"

"मशीनला न्हाईत रं. माणसांना हाईत." मग त्या हळू बोलू लागल्या. "जित्या माणसांची नावं हाईत ती. म्हाळाच्या दिवसांत नव्या वहीत कशी चढवायची? म्या कवाच चढवली न्हाईत. ह्या पंधरा दिवसांत कोण रक्त देऊन गेलं तर सुट्ट्या कागदावर लिवते आन् घट बसले की वहीत घालते. तू म्हटलास तारीख घाला. मला वाटलं, चांगल्या दिवसाची घालावी. त्यानं कुणाचं काय बिघडंल असं न्हाय वाटलं."

त्यांनी दोन वह्या काढून दाखवल्या. खरंच, दर वर्षी भाद्रपदाच्या शेवटी नोंदी थांबलेल्या आणि घटस्थापनेला एकदम पानभर भरलेल्या.

"एकदाच घातलतं," आक्का म्हणाल्या. "माझ्या भावाचं. नवी वही आलती, त्यो रक्त द्यायला आलता, हौसेनं म्हणाला, पयलं नाव माझं घाल. दिवाळीच्या आधी गाडीवरनं पडून गेला. नाव लिवल्यानं माणूस मरत न्हाय, एवढं कळतंय मला. पर हात धजत न्हाय."

आदल्या दिवशी आजोबांच्या नावानं कावळ्याला घास ठेवून, तो शिवेपर्यंत अर्धा तास हात जोडून उभा राहिलेला माणूस मी! मशीनकडं वळलो. यादी उघडलेलीच होती, नावं खाली सरकत गेली आणि मधेच माझं नाव दिसलं. ए निगेटिव्ह. दोन वर्षांपूर्वी एका बाळंतिणीसाठी मी तिथं रक्त दिलं होतं, मी विसरलोही होतो. आक्कांनी मलाही घटस्थापनेच्या तारखेला घातलं होतं. आणि मी त्या बाईची नोकरी फोनवर घालवून बसलो होतो. इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

तारीख बरोबर केली, नवं सर्टिफिकेट बनवलं, सर्व्हिस पुन्हा चालू केली. सगळ्या काउंटरवर यादी आली. लगेच डॉक्टरांना फोन लावला. "सर, चूक माझी होती. कंपनीला सांगू नका." ते म्हणाले, "सांगून झालंय. उद्या बघू." आणि फोन ठेवला.

सोमवारी अकराला ट्रस्टी आले. आक्का काउंटरवर बसल्या. गट निवडला, गाव निवडलं, यादी आली. सगळे खूश. एक म्हातारे ट्रस्टी चष्मा वर करून स्क्रीनजवळ गेले आणि एका रकान्यावर बोट ठेवून कानडीत म्हणाले, "इदेनु?" हे काय? ही तारीख तर अजून यायची आहे.

अरे देवा! घड्याळ दुरुस्त केलं होतं, पण शनिवारी भरलेल्या नोंदींवरच्या तारखा तशाच राहिल्या होत्या. सगळ्या नावांसमोर गुरुवार. हेही मीच बघायला हवं होतं. डॉक्टरांचा चेहरा कडक झाला. मी पुढं झालो, "सर, बसवताना माझ्याकडून..."

"त्यांच्याकडनं न्हाय," आक्का उठून उभ्या राहिल्या. "तारीख म्या घातली." आणि जे मला सांगितलं होतं ते सगळं, भावासकट, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. खाली मान घालून नव्हे. सरळ बघून.

मी म्हटलं, "आणि ती तपासायचं काम माझं होतं सर. ते मी केलं नाही. वर फोनवर आक्कांबद्दल जे बोललो ते नुसतं रागाचं होतं. ते खोटं होतं."

डॉक्टरांनी यादी खालपर्यंत सरकवून बघितली. मग म्हणाले, "आक्का, सोळा वर्षं मी तुमच्या वह्यांवर सही करतोय. ती मोकळी पानं कधी माझ्या लक्षात आली नाहीत." आणि पुढं म्हणाले, "पण रक्तपेढीच्या दप्तरात खोटी तारीख चालायची नाही."

"व्हय सर," आक्का म्हणाल्या.

"ह्या तारखा खऱ्या करायला किती वेळ लागेल?" त्यांनी मला विचारलं.

"एक मिनिट. एक कमांड." मी खुर्चीत बसलो, कीबोर्ड पुढं ओढला. आक्का खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांना ते बघवणार नव्हतं, आणि खरं सांगतो, माझीही बोटं उठेनात. माझंही नाव होतं की त्यात.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "ही सगळी यादी पुसून टाका. कोरी करा. तीन दिवस वहीवर चालू दे, इतकी वर्षं चाललंच आहे. गुरुवारी आक्का खऱ्या तारखेला परत भरतील." म्हाताऱ्या ट्रस्टींनी मान हलवली.

मला राहवेना. मी विचारलं, "म्हणजे सर, तो कंपनीचा माणूस..."

"त्यांना मी नको म्हणून कळवतो."

"मग करार? आत्ताच सही करून टाका की सर, ट्रस्टी इथंच आहेत." मला भीती होती, हे लोक बाहेर पडले की सगळं थंड व्हायचं.

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं, आक्कांकडं बघितलं आणि पेन परत खिशात ठेवलं. म्हणाले, "माझ्या नोकरीची दोन वर्षं राहिलीत इथं. त्यांना अजून बरीच काढायचीत. त्यांच्या नावाचा कागद मी म्हाळाच्या दिवसांत करू? गुरुवारी करतो."

इतका वेळ कोरड्या राहिलेल्या आक्कांनी तेव्हा पदर डोळ्याला लावला.