ताईच्या बंदराला लागणारी बोट

बंदराच्या मागच्या गल्लीत जहाजांच्या गाद्या आणि खुर्च्यांची कापडं शिवणारा एक कारखाना आहे. तिथल्या खिडकीजवळच्या मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणत. अंगकाठी तशीच, आणि शिवताना ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. त्या ओठांत धरूनही तिला बोलता यायचं आणि ते बोलणंही टोचायचं. "गादी आहे ही, बटाट्याचं पोतं नाही," असं नव्या कारागिराला सुनवायची आणि मग त्याची वाकडी शिवण स्वतःच उसवून नीट करून द्यायची.

सगळी हयात जहाजांसाठी शिवण्यात गेली, पण जहाजावर पाय ठेवायचा तो फक्त मापं घ्यायला. भोंगा वाजायच्या आत खाली उतरायचं. बोट धक्क्यापासून सुटली की टाचणी मशीन थांबवून बघत राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "सुईत दोरा ओवतेय."

समुद्रापलीकडे तिची थोरली बहीण होती. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच हिला लहानाचं मोठं केलं. हिचं लग्न लावून दिलं आणि मगच स्वतःचं केलं, तेही पार समुद्रापलीकडच्या माणसाशी. टाचणीला तिकडे जाता येईना. लहानपणी कान फुटला होता. त्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी विमानात पाऊल ठेवायचं नाही असं बजावलं होतं, आणि तिकडे सरळ जाणारी प्रवासी बोट नव्हती. मग ताईच अधूनमधून यायची. पुढे तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि दोघींच्या वाट्याला उरला तो फोन. संध्याकाळी भाजी निवडताना टाचणी फोन खांद्यात धरायची. तिकडून ताईही काहीतरी निवडत असायची. कधीकधी दोघीही गप्प असत, पण फोन कुणी ठेवत नसे.

मग ती साथ आली. बोटी बंद झाल्या, बंदर ओकंबोकं पडलं. त्याच काळात ताईच्या डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. समोरच्या गोष्टीच्या मधोमध काळा डाग यायचा. कडेचं दिसायचं, नेमकं मधलंच नाही.

"दाराची चौकट दिसते गं, दारात कोण उभंय ते दिसत नाही," ताई हसत म्हणाली. मग हसू थांबलं. "तुझा आवाज रोज ऐकते. तोंड बघायचंय. दिसतंय तोवर ये."

त्या दिवशी टाचणीने एका गादीला उलटी खोळ शिवली. असं कधी झालं नव्हतं.

बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मुलाने शोधून काढलं, की एक सहलीची बोट वाटेत ताईच्या बंदराला दिवसभर थांबते. बाकी बंदरांशी टाचणीला काही देणंघेणं नव्हतं. मुलाने तिकीट काढलं आणि आठवडाभरात घरातले सगळेच तापाने पडले. कोविडच होता, पण सौम्य. सगळे उठून हिंडूफिरू लागले, टाचणी कामावर गेली, आणि बोटीची तारीख जवळ आली.

बोटीच्या कंपनीची अट होती की निघण्याआधी तपासणी हवी. त्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात मोठी सभा भरली. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर बोलावलं नसतानाही आले.

"माझ्याकडे घरी करायची किट पडून आहेत," ते म्हणाले. "नाकात काडी फिरवा, काम फत्ते."

सून मोबाईलवर नियम वाचत होती. "घरी केलेली चालणार नाही काका, स्पष्ट लिहिलंय. लॅबमध्ये, त्यांच्या माणसाने केलेली हवी. आई, तुम्हाला दोनांतली कुठलीही चालेल. अँटिजेन, म्हणजे लगेच निकाल देणारी, नाहीतर आरटीपीसीआर."

"लगेचवाली करू," टाचणी म्हणाली. "जिवाला घोर नको."

"नको आई," मुलगा म्हणाला. "मोठी करू, पक्की. तिकडे कुणी शंका काढली तर? स्वस्त कापड पहिल्या धुण्यात आटतं, हे तूच सांगतेस ना?"

स्वतःचंच वाक्य अंगावर आलं होतं. ती मान हलवून उठली आणि पेटीत ताईसाठी शिवलेली रजई दाबून बसवू लागली.

लॅबमधल्या मुलाने नमुना घेतला. मध्यंतरी आजारी होतात का, हे त्याने विचारलं नाही आणि यांनाही सांगायचं सुचलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी निकाल आला. पॉझिटिव्ह.

"पण तिला काही झालेलं नाहीये!" मुलगा फोनवर कंपनीच्या बाईला सांगत होता. "महिन्यापूर्वी होऊन गेलंय. ठणठणीत आहे ती."

पलीकडची बाई गोड आवाजाची होती. तारीख बदलून देते म्हणाली, पण या बोटीवर घेता येणार नाही. टाचणीने मुलाच्या हातातून फोन घेतला. "बाई, मी कुणाच्या जवळ जाणार नाही. एका कोपऱ्यात बसून राहीन."

"मावशी, माझ्या हातात असतं तर..." ती म्हणाली आणि पुढच्या बोटीची तारीख सांगू लागली.

त्यांचे नेहमीचे डॉक्टर संध्याकाळी म्हणाले, "अहो, मला आधी विचारायचं ना! आजार गेला तरी त्या विषाणूचे मेलेले तुकडे अंगात आठवडेच्या आठवडे राहू शकतात. आरटीपीसीआर इतकी बारीक असते की ती तेही पकडते. तुमच्यासारख्या नुकत्याच बऱ्या झालेल्यांना अँटिजेनच सोयीची."

मुलगा रात्री जेवला नाही. टाचणी त्याच्या पुढ्यात ताट सरकवून म्हणाली, "जेव. तू माझ्या भल्याचंच बघितलंस." मनातून मात्र तीही कोलमडली होती. हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

दुसऱ्या दिवशी घरी बसवेना, म्हणून ती कारखान्यात गेली. तिची बोट खिडकीसमोरूनच सुटली. डेकवर माणसं हात हलवत होती. टाचणीने मशीन थांबवलं नाही. पायाखालचं पायडल चालत राहिलं, सुईखाली कापड नव्हतं तरी.

ताईला फोनवर सांगताना तिला रडू फुटलं. ताईच तिची समजूत काढू लागली. "अगं वेडे, पुढच्या बोटीने ये. मी कुठे पळून चाललेय? गुडघे आहेत का पळायला?"

पुढची बोट दीड महिन्याने होती. ते दिवस टाचणीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. फोनवर ताई सहज म्हणावं तसं काहीबाही सांगायची. आज साखर समजून मीठ घातलं. आज भिंतीवरचं घड्याळ वाचता आलं नाही. टाचणी "हं" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ हातातल्या भाजीकडे बघत बसायची.

या वेळी सुनेने कंपनीचे नियम पुन्हा वाचले, डॉक्टरांना विचारलं आणि सासूला अँटिजेनसाठी स्वतः लॅबमध्ये नेलं. तिथल्या बाईने नाकात काडी फिरवली, थेंब सोडले. तिघीही त्या पांढऱ्या पट्टीवर वाकल्या. एक रेघ उमटली. दुसरीच्या जागी काहीच येईना. टाचणी श्वास रोखून बसली होती.

"मावशी, श्वास घ्या आता," लॅबवाली म्हणाली. "निगेटिव्ह आहे."

सुनेने तिथेच तिला मिठी मारली. एरवी दोघींमध्ये असं काही चालत नसे.

बोटीवर चढल्यावर टाचणी आधी सगळ्या खुर्च्यांच्या शिवणी तपासत हिंडली. एक उसवलेली सापडली तेव्हा तिला बरं वाटलं. ते त्यांच्या कारखान्याचं काम नव्हतं. मग भोंगा वाजला आणि खाली उतरायला तिचे पाय आपोआप वळले. दोन पावलं गेल्यावर ती थांबली. या वेळी उतरायचं नव्हतं.

ताईच्या बंदरात ती सगळ्यांच्या आधी उतरली. फाटकाबाहेर ताई शेजारणीचा हात धरून उभी होती, केवढीशी झालेली. टाचणी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ताईने मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. पाखरं करतात तशी.

"कान दिसला," ताई म्हणाली. "केस पांढरे झालेत. जरा इकडे वळ. हनुवटी आईची." मग ती थांबली. "मधलं दिसत नाही गं."

मागच्या बोटीने आले असते तर दिसलं असतं का, हे टाचणीने विचारलं नाही. ताईनेही सांगितलं नाही. टाचणीने मास्क खाली ओढला आणि ताईचे दोन्ही हात उचलून आपल्या गालांवर ठेवले. ताईची बोटं कपाळावरून, भुवयांवरून, नाकावरून हळूहळू फिरली.

"म्हातारी झालीस की."

"तू जशी काय सोळा वर्षांची!"

दिवस कसा गेला कळलं नाही. ताईच्या घरी दोघी नवी रजई घेऊन दुपारभर आडव्या पडल्या. खूप बोलायचं ठरवलं होतं, आणि ताईला मध्येच झोप लागली. टाचणी जागी राहिली. आता तिची बघायची पाळी होती. ताईच्या मानेवरची सुरकुती, कानाची पाळी, झोपेत हलणारे ओठ, सगळं ती बघत राहिली. उठवावं असं दहादा मनात आलं, पण तिने उठवलं नाही.

संध्याकाळी बोट सुटली. डेकवर गर्दी झाली होती. धक्क्यावर ताई दिसत होती, फाटकाच्या कठड्याला टेकलेली. टाचणीने फोन लावला.

"ताई, मी दिसतेय का गं?"

"दिसतेस की," ताई लगेच म्हणाली. "हात हलवतेयस."

टाचणीचे दोन्ही हात फोनवर होते. तिने एक सोडवला, वर उचलला आणि धक्का दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिली.