साळूमावशी हौदात शेवटी उतरली

साळूमावशीला आम्ही उष्ट्या पाण्यात बाप्तिस्मा दिला.

आज तिचा स्मरणदिन. आणि आज ईस्टरही.
सकाळपासून फोनवर अंडी आणि ससे येतायत. म्हटलं, एक खरी गोष्ट मीपण टाकते.

तिचा फोटो नाही. तिचा फोटो कोण काढणार होतं?

तीस सालानंतरचं नाशिक. मी फ्रॉकला नाक पुसणारी पोर.
माझी आई भागूबाई, दिंडोरीकडची. साळूमावशी चांदवडकडची. दोघी मिशनच्या आवारात कामाला.
आई स्वयंपाकघरात धान्य निवडायची. मावशी घायपाताचे दोर वळायची. आवारातल्या विहिरीचा दोर तिच्याच हातचा.

आमच्या बॅप्टिस्ट मंडळीत तान्ह्या लेकरांच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत.
कळत्या वयात उभं राहायचं, आपल्या तोंडाने साक्ष द्यायची. मग मंडळी हात वर करून ठरवणार, घ्यायचं की नाही. घेतलं तर अख्खं पाण्यात बुडायचं.

त्या वर्षी साळूमावशीने सगळ्यात आधी साक्ष दिली. सगळे हात वर गेले.
मग आईने दिली. तिलाही सगळे हात.
हात वर करायला काय जातं म्हणा.

शनिवारी चिंचेखालचा हौद भरला. विहिरीचं पाणी शेंदून शेंदून बाप्यांच्या तळव्यांना फोड आले. दोर नवा होता. मावशीने खास ईस्टरसाठी वळून दिलेला.

रविवारी पहाटे कबरस्तानात उपासना झाली. तिथून गात गात सगळे हौदावर.
आधी बाप्ये उतरले. मग बायांची रांग लागली, पांढऱ्या लुगड्यांची.
साक्ष आधी दिली म्हणून साळूमावशी पहिली उभी राहिली. तिच्यामागे माझी आई.

आई रांगेतून बाहेर आली.
"हिच्यामागून मी नाय उतरायची पाण्यात."

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, हौदात कमरेइतक्या पाण्यात उभे. म्हणाले, "भागूबाई, आजच्या दिवशी असं बोलू नये."
"मग आजच्या दिवशी मला घरी जाऊ द्या."

मागच्या बायाही जागच्या हलेनात.

जात आडवी आली होती. जातींची नावं लिहीत नाही. लिहिली की लोकांना चव येते.
एवढंच सांगते, गावच्या विहिरीवर माझ्या आईलाही कोणी चढू देत नव्हतं. लांबून ओंजळीत पाणी ओतायचे. हे मला तिनेच सांगितलेलं. रडत सांगितलेलं.

साळूमावशी वळली.
"काय गं भागे, काल दिसभर माझा दोर त्या विहिरीत बुडत व्हता. तवा नाय बाटलं पाणी?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. आईची मान खाली. पण पाय तिथेच.

पाळकसाहेब हळू म्हणाले, "साळूबाई, शांततेसाठी... तुम्ही शेवटी या."

भला माणूस होता. भल्या माणसांचं हेच. भांडण नको म्हणून जो ऐकेल त्यालाच मागे सरकवतात.

साळूमावशी सरकली. जाता जाता म्हणाली,
"बरं हाय. तुमची समद्यांची पापं पडू द्या त्यात. मग उतरते मी."

आई बुडाली, वर आली. नवं नाव मिळालं, मार्था.
नाव मार्थाचं, जीभ भागूबाईचीच राहिली.

साळूमावशीची पाळी आली तोवर पाणी गढूळ झालेलं. वर खोबरेल तेलाचा तवंग. इतक्या जणांची डोकी त्यात बुडालेली.
ती त्यात उतरली. पाळकसाहेबांचा आवाज बसला होता, तिचं नवं नाव नीट निघेना.
वर आली तेव्हा तिच्या कपाळाला चिंचेचं पान चिकटलेलं.

पान काढलं नाही तिने. तशीच आईसमोर येऊन उभी राहिली.
"मार्थाबाई, प्रभू उठला आहे."

आमच्यात ईस्टरला असं कोणी म्हटलं की उत्तर द्यायचंच असतं. "खरोखर उठला आहे." दुष्मनालाही द्यायचं.

आई लुगड्याचा पदर पिळत राहिली. पिळून पाणी संपलं तरी पिळत राहिली.

सगळी मंडळी बघत होती.
माझ्या मुठीत आईच्या ओल्या लुगड्याचा काठ होता. सोडावासा वाटला.
सोडला नाही. आई होती.

पुढे दर ईस्टरला साळूमावशी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दाराशी उभी. "मार्थाबाई, प्रभू उठला आहे."
दर ईस्टरला आई चपला काढायच्या निमित्ताने खाली वाकणार, आणि तशीच आत.
मला आधी तो माज वाटायचा. मोठी झाल्यावर कळलं, लाज होती ती. पहिल्या वर्षी उत्तर दिलं नाही, मग पुढच्या वर्षी देणं जास्त जड. असं करत करत म्हातारी झाली.

आई गेली.
पेटी खड्ड्यात सोडायला दोर लागतात. कोणाला सुचलंच नव्हतं. पोरं इकडेतिकडे धावायला लागली.
साळूमावशी काठी टेकत आली. खांद्यावर दोन नवे दोर. रात्रीतून वळलेले.

आई त्या दोरांवरून खाली गेली.
मावशी कडेला उभी राहून बघत होती. पेटी तळाला टेकली तशी म्हणाली,
"हितंबी आधी तूच, भागे."

आणि पदराने डोळे पुसले. तिने. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी नुसती खाली बघत होते, दोराकडे.

आता कोणीतरी मेसेज करेल, आजी, घरातलं बाहेर कशाला काढता. बाबांनो, हे घरात झालंच नव्हतं. हौदावर झालं, भर मंडळीत.

साळूमावशी,
खरोखर उठला आहे.
उत्तर आईचं आहे. फार उशिरा पोचतंय, आणि तेही माझ्या तोंडून.

सलाम.