दोनशेवीसची सुई

मला बघायला आले तेव्हा सासूबाईंनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "पोरगी एका जागी किती येळ बसती?" माझ्या वडिलांना वाटलं, बाईला शांत मुलगी हवी आहे. ते मोठ्या अभिमानानं म्हणाले, "मागाच्या कांड्यांवर सूत भराय बसली की दिवसभर उठत न्हाय." तिथंच लग्न ठरलं.

माझं सासर चाकांवर होतं. भंगारात निघालेली एक जुनी बस सासऱ्यांनी घेतली होती. पुढच्या भागात आमचा संसार: स्टोव्ह, दोन ट्रंका, गुंडाळलेल्या वळकट्या. मागच्या भागात मोटरवर हलणाऱ्या बाहुल्यांचे देखावे. सासरे गेल्यावर सासूबाई तिकिटाला बसायच्या आणि नवरा माईकवरून ओरडायचा. निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या जत्रा आम्ही अशा हिंडलो. गोकुळातला कृष्ण लोणी खायचा, शंकराच्या जटेतून निळे बल्ब वाहायचे, पण गर्दी खेचायचा तो नरक. तिथं आईबापाला टाकणाऱ्या पोराला दोन यमदूत करवतीनं उभं कापायचे. करवत मोटरवर चालायची, आणि त्या पोराचं तोंड दर दोन सेकंदांनी उघडायचं. बायका बघून डोळ्यांना पदर लावायच्या आणि पोरांना पुन्हा तिकीट काढून आत ढकलायच्या.

या सगळ्याला लाइट लागायची, आणि ती मिळायची ज्या गावात थांबू त्या गावच्या तारेवरून. तिचा काही भरवसा नसे. विजेचा दाब कमी असला की बाहुल्या अडकायच्या आणि मोटरी तापून जळायच्या. म्हणून बसमध्ये बूस्टर होता, एक राखाडी लोखंडी पेटी. तिच्यावर सुई आणि सात खटक्यांचं बटण. बाहेरून दाब कमी आला की एकेक खटका वर न्यायचा आणि सुई दोनशेवीसवर ठेवायची. पण बाहेरचा दाब एकदम वाढला आणि खटके वरच राहिले, तर सुई तीनशेकडे धावायची. मग बल्ब फटाफट जायचे आणि मोटरींमधून धूर निघायचा. म्हणून पेटीसमोर स्टूल, आणि स्टुलावर माणूस. आधी नणंद बसायची. एकदा तिचा डोळा लागला आणि सात मोटरी गेल्या. तिचं लग्न झालं, तिच्या जागी मी आले. आपोआप चालणारी पेटी बाजारात मिळायची, पण सासूबाई म्हणायच्या, "पेटी बिघडली तर कुणाला शिव्या द्यायच्या?"

दोन वर्षं मी त्या स्टुलावर काढली. मग एका हिवाळ्यात आमची बस बेळगावात, खासबागच्या मैदानात येऊन उभी राहिली. तिथून वडगाव, म्हणजे माझं माहेर, चालत पंधरा मिनिटांवर. माझे वडील मागावर साड्या विणायचे. विजेवर चालणारे मशीनमाग आल्यावर त्यांच्यावर विणू लागले. खासबागेत आमची तार ज्या ट्रान्सफॉर्मरवरून आली होती, त्याच्यावरच वडगावातल्या कितीतरी गल्ल्यांचे माग चालत. माग सुरू असले की दाब खाली बसायचा, बंद झाले की उसळायचा.

तिथं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. पहिल्याच दिवशी नवऱ्याला ऐट दाखवत म्हणाले, "सुई बघायची काय गरज? मला आवाजावरनं कळतं. कुठल्या गल्लीतलं माग थांबलं, ते इथं बसून सांगते." आणि खरंच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीला आवाज विरळ होऊ लागला, तशी सुई हलायच्या आधीच मी खटके खाली आणले. सासूबाईंनी बघितलं आणि त्या घटकेपासून मी त्यांना सोन्याहून मोलाची झाले. मोलाची वस्तू कुणी घराबाहेर सोडतं का?

दुसऱ्या दिवशी आई बसपाशी आली. वडिलांची छाती भरली होती. सुताचा धुरळा आयुष्यभर गिळलेला, तो आता वसूल करत होता. अंथरुणातून उठत नव्हते. "तुजं नाव काढत्यात सारखं," आई म्हणाली, "येऊन जा की गं घटकाभर."

मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा की. मी कुठं न्हाय म्हणतीया? अमावास्येला जा."

अमावास्येला विणकरांचे माग बंद असतात. दिवसभर दाब एकसारखा, पेटीसमोर कुणी बसलं नाही तरी चालतं. अमावास्या नऊ दिवसांवर होती. मी नवऱ्याकडं बघितलं. तो करवतीच्या पट्ट्याला तेल घालत होता. तासभर तो स्टुलावर बसला असता तर काय बिघडलं असतं? पण त्यानं मान वर केली नाही. मीही भांडले नाही. त्याला बुळा म्हणून मी आयुष्यभर टोमणे मारले, पण त्या दिवशी तोंड माझंही शिवलेलंच होतं.

आई एक दिवसाआड यायची, खिडकीखाली उभी राहून बोलायची. मी सुईकडं बघत ऐकायची. "रोज इचारत्यात," ती सांगायची, "अमावास्या किती दिसांवर आली म्हणून." ज्या माणसानं जन्मभर सुट्टीसाठी अमावास्येची वाट बघितली, तो आता माझ्यासाठी तिची वाट बघत होता.

आई पहिल्यांदा येऊन गेली त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला शाळेची पोरं आत होती. मला आवाजात भोक पडल्यासारखं वाटलं. एक गल्ली थांबली. हात बटणावर गेला. लगेच दुसरी थांबली, मग तिसरी, चौथी. सुट्टीची वेळ नव्हती. मी खटाखट चार खटके खाली आणले. सुई दोनशेचाळीसला शिवून परत आली. एकही बल्ब गेला नाही. त्या वेळी दुसरं कुणी बसलं असतं तर अख्खा नरक जळाला असता.

सासूबाई तिकिटाची पेटी टाकून धावत आल्या. सुई बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "शाबास गं माझी बाय!" दोन वर्षांत पहिल्यांदा.

अवेळी माग का थांबतात, हे मला ठाऊक होतं. वडगावात कुणी गेलं की गल्लीतले माग बंद होतात आणि मयत गल्लीबाहेर पडेपर्यंत कुणी बटण दाबत नाही. चार गल्ल्या थांबल्या, म्हणजे कुणीतरी मोठ्या गोतावळ्याचं गेलं होतं. आणि मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. पाय लांब केले, कंबर मोकळी केली. मनात म्हटलं, कुणी का मरेना, माझी सुटका झाली. माग बंद आहेत तोवर वडिलांना बघून येते. सासूबाईंना विचारलं. खुशीत होत्या, त्या हो म्हणाल्या. मी केस विंचरले, लग्नातलं लुगडं नेसले आणि वडिलांना आवडायचे म्हणून नवऱ्याकडून चार बुंदीचे लाडू आणवले.

पुडा हातात घेऊन पायरी उतरते, तर समोर माझे चुलते सायकल धरून उभे. त्यांनी माझं नेसणं बघितलं, माझा पुडा बघितला.

"तुला कळलं व्हय?" त्यांनी विचारलं.

मग मला कळलं. माझ्या वडिलांनी अमावास्येच्या चार दिवस आधीच माग बंद केले होते, आणि मी त्या बातमीला खटके खाली करून शाबासकी घेतली होती.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. वाईट वाटलं त्यांनाही, खोटं कशाला बोलू. मग चुलत्यांना विचारलं, "मयत किती वाजता उचलणार?"

"चारला."

"मग तू साडेतीनला ये गं," त्या मला म्हणाल्या. "मयत हलली की माग सुरू व्हत्यात. चारला कॉन्व्हेंटची पोरं येणार हाईत."

वडिलांचं तोंड उघडं होतं. मी शेजारी बसले, रडले, लाडवांचा पुडा कुठं ठेवावा हे न कळून मांडीत धरून राहिले. दारातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. वडिलांच्या तोंडाकडं बघितलं तेवढंच मी त्या घड्याळाकडं बघितलं. तीन वाजून दहा मिनिटांनी उठले.

"आगं, कुठं निगालीस?" चुलते ओरडले. "मयत तरी उचलू दे!"

आई म्हणाली, "जाऊ द्या तिला. तिच्या घरच्यांचं नुकसान हुईल."

ती टोचून बोलली असती तर मी थांबले असते. ती मनापासून बोलली. आमच्या घरात माणसांना असंच वाढवलं होतं, कामावरून उठायचं नाही म्हणून. मी निघाले. बंद मागांच्या गल्ल्यांतून चालताना माझ्याच चपलांचा आवाज मोठा वाटत होता. ओट्यावरचे लोक मला उलट्या दिशेनं जाताना बघत होते.

चारला मी स्टुलावर होते. पोरं रांगेत चढत होती, बाई त्यांना गप्प करत होत्या. सुई दोनशेवीसवर स्थिर. चार वाजून दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग लांब एक माग खडखडला, त्याच्यामागून शेजारचा, आणि सुई खाली येऊ लागली. वडील पहिल्या गल्लीतून बाहेर पडले होते. मी एक खटका वर केला. दुसरी गल्ली सुरू झाली. दुसरा खटका. तिसरी. चौथी गल्ली सुरू झाली तेव्हा ते वडगावच्या बाहेर गेले, आणि मी चौथा खटका वर केला.

मागं करवत नीट चालली होती. आईबापाला टाकणाऱ्याचं तोंड वेळच्या वेळी उघडत होतं आणि पोरं टाळ्या वाजवत होती. त्या दिवशी आमचा एकही बल्ब गेला नाही.