एलियाजरची चाल

रविवारची उपासना उरकून, चार घास खाऊन बेंजामिन मास्तर कॉटवर आडवे होतात. डोळे मिटतात, पण डोक्यात तेच गीत घोळत राहतं. गीत त्यांचं स्वतःचं, धाकटी लेक तबिथा तापानं गेली तेव्हा लिहिलेलं. चाल मात्र एलियाजर शिंप्याची. मास्तरांनी बसवलेली विलायती चाल मंडळी कधीच विसरली, आणि आता जो तो म्हणतो, ‘एलियाजरचं गीत’. तो जाऊन वर्ष झालं, तरी मास्तरांचा जळफळाट थांबत नाही.

“मास्तर, निजलात व्हय?”

एलियाजर दुकानात शिलाई मशीन चालवतोय. पाय हलतात तसे मशीनमधून सूर निघतात. मास्तर जवळ जातात, तर ती चर्चमधली पायपेटी आहे आणि भोवती रिकामी बाकं.

“माझं गीत पळवलंस तू,” मास्तर फटकन म्हणतात.

“पळवलं कुटं? लोकांच्या गळ्यात बसंल आशी चाल लावली.” मेला तरी गडी जराही ओशाळत नाही. “तुमी मातर कदी म्हनलं न्हाई. शेवटच्या कडव्याला उठून भाईर जायचा.”

“तुझ्या चालीत म्हणू? मी?”

“मग तुमच्या चालीत म्हना.” तो पेटी मोकळी करून देतो.

मास्तर तोऱ्यात सुरू करतात. शेवटच्या कडव्यात तबिथाचं नाव येतं आणि ते अडखळतात. चाल थांबत नाही, मोजून मापून पुढे निघून जाते. नाव मागेच राहतं.

“तुमच्या चालीत रडाया जागाच न्हाई, मास्तर,” एलियाजर हळूच म्हणतो. “माझीत तीच ओळ पुन्ना घ्यायची. जमंस्तवर घ्यायची.”

तो आपले टाळ त्यांच्या हातात देतो, दोरी बोटांना करकचून गुंडाळून. मास्तर बसलेत ते बाक आता कबरस्तानात आहे, तबिथाच्या मातीशेजारी. मास्तर ती ओळ घेतात. मोडते. परत घेतात. हे या शिंप्याला सुचलं, आपल्याला का नाही, म्हणून आतून जळतात, आणि जळत जळतच परत घेतात. किती वेळानं कोण जाणे, लेकीचं नाव अख्खं तोंडातून बाहेर पडतं.

“आवो, उठा!” दारात मार्थाबाई चहाचा कप धरून उभ्या आहेत. डोळे ओले. “तबिथाचं नाव घेत होता झोपेत. इतक्या वर्षांनी.”

“लेकाच्या शिंप्याची चालच चांगली आहे,” मास्तर चिडून पुटपुटतात आणि कप घ्यायला हात पुढे करतात.

दोन्ही हातांच्या बोटांवर दोरी करकचून गुंडाळल्याचे लाल वळ आहेत. मास्तरांनी उभ्या जन्मात कधी टाळ हातात धरलेले नाहीत.