गोविंदा गुरवाचा गुडघा

गोविंदा गेल्याचं मला कळलं ते अलिबागेत, शाळेच्या दाराशी. चौलहून बाजाराला आलेल्या ओळखीच्या बागायतदारानं डोक्यावरचं सुपारीचं पोतं खाली ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमचा गुरव गेला. सांजचा दिवा लावून आला, पडवीत बसला, तो बसलाच..." मी वर्ग तसाच सोडला आणि समुद्रावर जाऊन पोटभर रडलो. आता महिना होत आला. रडून झालं आहे, आता मला रागवायचं आहे. कारण गावानं टेकडीच्या पायथ्याशी त्याच्या नावाचा दगड बसवायचं ठरवलं आहे, आणि त्यावर कोरणार आहेत, 'देवीला कधीही पाठ न दाखवणारा भक्त'. हे साफ खोटं आहे. गोविंदाला खोटं चालत नसे.

आमच्या देवीचं देऊळ टेकडीवर. दीडशेवर पायऱ्या, काही हातभर उंच, काही झिजून गुळगुळीत. रोज संध्याकाळी वर जाऊन दिवा लावायचं काम गोविंदाच्या घराण्याकडे होतं, आणि खाडीत शिरणाऱ्या होड्या त्या दिव्यावर नजर ठेवून वळत. चाळिशी उलटली तसा त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. वैद्यांनी वाताचं दुखणं म्हणून लेप दिला, बटाटा आणि वाल बंद केले, घरी बसायला सांगितलं. लेप त्यानं लावला. "पन वाल सोडून चौलात ऱ्हायचं कशाला?" म्हणाला. दुखणं मात्र वाढतच गेलं. उतरताना त्याचं कण्हणं खालपर्यंत ऐकू यायचं.

शेवटी देवळाच्या पंचांची बैठक बसली. तेव्हा मी चौलातच राहत होतो, पाचांत मीही होतो, आणि दिवा भावकीतल्या दुसऱ्या घराकडे द्यावा हे सुचवलं मीच. मित्राच्या भल्यासाठी, असं मी मनाची समजूत घातली होती. खरं सांगायचं तर मला त्याचं लंगडणं बघवत नव्हतं. गोविंदा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "चैताच्या जत्रेपर्यंत थांबा. एक दिस जरी दिवा चुकला तर घ्या काढून."

त्या दिवसापासून त्यानं गुडघ्याचा अभ्यास मांडला. मी जन्मभर पोरं शिकवली, पण असा विद्यार्थी पाहिला नाही. दिवसभर बसून राहिलं तर संध्याकाळी गुडघा लाकूड होतो, सकाळी सपाट वाटेवर थोडं चालून आलं तर सुटा राहतो, आणि फार हाकलला तर दुसऱ्या दिवशी रुसतो, हे त्यानं दिवसामागून दिवस पारखून घेतलं. काठी आम्ही सगळेच दुखऱ्या बाजूला धरतो. तोही धरायचा. एकदा उजव्या हातात तेलाचं भांडं होतं म्हणून काठी डाव्या हातात गेली, आणि उजवा गुडघा चक्क गप्प राहिला! मग काठी डावीकडेच राहिली. चढताना धडका पाय पुढे, उतरताना दुखरा, हेही त्याचं त्यानंच शोधलं. "मास्तर, चढन सोसतंय, उतरनच मारतंय," तो म्हणायचा. म्हणून एके दिवशी तो तोंड टेकडीकडे करून, कठडा धरून, उलटाच उतरला. दुखणं निम्म्यावर आलं. पोरं हसली, त्यानं लक्ष दिलं नाही.

जत्रेच्या दिवशी सारा गाव पायथ्याशी जमला होता. गोविंदा दिवा लावून उलटा उतरू लागला, आणि गर्दीतल्या एका म्हातारीनं हात जोडले. "बगा गं, गुरव देवीला पाठ दावीत न्हाय!" झालं! बघता बघता सगळ्यांचे हात जुळले. आमच्या थोरल्या पंचांनी तिथंच जाहीर केलं की असा भक्त मिळणार नाही, दिवा जन्मभर गोविंदाकडेच. मला हायसं वाटलं. मी पुढे होऊन त्याच्या कानात म्हटलं, "गप्प राहा. आपसूक काम झालंय."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. "खोट्याचं तेल घालून दिवा लावू व्हय, मास्तर?" आणि काठी उंचावून तो ओरडला, "देवीसाठी न्हाय, गुडघ्यासाठी उलटा उतरतो मी! इतकी वर्सं तिच्याकडं पाठ करूनच उतरलो, ती कंदी रागावली न्हाय. लंगडा हाय मी. पन दिवा चुकलाय का, त्ये सांगा!"

थोरल्या पंचांचा चेहरा पडला. मग मागून एक तांडेल म्हणाला, "न्हाय चुकला. आमी दर्यातून बगतो." मग मीही म्हणालो, नाही चुकला. उशिरा म्हणालो, पण म्हणालो. दिवा गोविंदाकडेच राहिला.

पुढे त्याच्या पडवीत आसपासच्या गावांतले दुखरे गुडघे येऊ लागले. आल्याआल्या तो दरडावायचा, "आदी काठीचा हात बदल!" त्याचा स्वतःचा गुडघा काही बरा झाला नाही. मी विचारलं की म्हणायचा, "बरा न्हाय, पन वळखीचा झालाय."

गेल्या रविवारी दगडाच्या बैठकीला मी चौलला गेलो. म्हटलं, कोरायचंच असेल तर 'गुडघा दुखत होता, दिवा चुकला नाही' असं कोरा. पंच म्हणाले, देवीच्या दारात गुडघा कसा कोरायचा? मी म्हटलं, मग दगड कोराच ठेवा... आणि तडक टेकडी चढून गेलो. गोविंदाच्या बायकोनं त्याची काठी मला दिली आहे, कारण हल्ली माझाही डावा गुडघा बोलतो. दिव्यापाशी थोडा बसलो आणि कठडा धरून उलटा उतरलो. माझ्या शेजारून दोन धडधाकट तरुण भक्तिभावानं उलटे उतरत होते. पायथ्याशी एका वयस्क बाईनं मला पाहून हात जोडले.

"बाई, हात जोडू नका," मी म्हटलं. "गुडघा दुखतोय."

ती ओशाळून हसली. "माजा बी दुखतो," म्हणाली, आणि उजव्या हातातल्या काठीवर रेलून दुखरा उजवा पाय पायरीवर ठेवू लागली. मी तिला थांबवलं, काठी तिच्या डाव्या हातात दिली, आणि ती वर पोचेपर्यंत तिथंच उभा राहिलो.